पटावर उरलेल्या मुली

शाळेचे नाव लिहीत नाही. लिहिले तर ‘माहिती बाहेर कशी गेली’ याचा खुलासा उद्या तिथल्या बाईंनाच द्यावा लागेल. माणदेशातल्या एका वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक, व्हरांड्याच्या कडेला शिजणारी खिचडी, एवढे सांगितले तरी पुरे. तुमच्यापैकी अनेकींनी अशी शाळा पाहिली असेल. कितीतरी जणी अशाच शाळेत शिकल्या असाल.

आत गेले की डाव्या हाताच्या भिंतीवर एक फळा आहे. त्यावर पांढऱ्या रंगाने चौकटी आखल्या आहेत. इयत्ता, मुलगे, मुली, एकूण. बाजूला अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या, इतर मागास, खुला. चौकटी रंगाने आणि आकडे खडूने, कारण आकडे बदलतात. मी गेले त्या दिवशी एकूण पट होता १७. मुली ११, मुलगे ६. जातवारी अशी : अनुसूचित जाती ४, विमुक्त-भटक्या ७, इतर मागास ४, खुला २. साहेब आले की आधी हा फळा पाहतात, ‘एकूण’च्या चौकटीवर बोट ठेवतात आणि म्हणतात, “बाई, पट वाढवा.”

त्याच फळ्यावरचे दुसरे आकडे कोणी वाचत नाही. पहिलीत दोन मुली, दोन मुलगे. दुसरीत दोन मुली, तीन मुलगे. तिसरीत चार मुली, मुलगा एकही नाही. चौथीत तीन मुली आणि एक मुलगा. पहिली-दुसरीतले मुलगे तिसरीत जातात कुठे? त्यांना काय मुंगसाने पळवले? मी बाईंना विचारले. त्यांनी काही न बोलता कपाटातून जनरल रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवले. मागच्या चार-पाच वर्षांतले दाखले मी बोट फिरवत पाहिले. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा, बाईंच्या नेटक्या अक्षरात : ‘पालकांच्या विनंतीवरून.’ आणि त्या वाक्याच्या डावीकडे बहुतेक ठिकाणी मुलाचे नाव.

“दुसरीपर्यंत आमच्याकडं ठेवतात,” बाई म्हणाल्या. “वाचायला-लिहायला यायला लागलं, पाया पक्का झाला, की घेऊन जातात. इंग्लिश मीडियमवाले लहान वर्गाची फी जास्त घेतात ना. म्हणजे तो खर्च वाचतो, आणि शिकवायचा त्रासही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी फाट्यावर जाऊन उभी राहिले. तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन येते. वाडीवरची एकोणीस मुले त्या दिवशी तिच्यात चढली. गळ्यात टाय, पायांत बूट, पाठीवर फुगलेले दप्तर. त्यांतल्या मुली पाच. पाचपैकी तिघींना भाऊ नाही, हे मला शेजारी उभ्या असलेल्या आजीने सांगितले. चढणाऱ्या एका मुलाच्या डब्याची पिशवी त्याच्या बहिणीने फाट्यापर्यंत आणून दिली. व्हॅन गेल्यावर ती मागे फिरली, घरी जाऊन पाणी भरले, धाकटीची वेणी घातली आणि साडेदहाला जिल्हा परिषदेच्या शाळेत आली. ती तिसरीत आहे. तिचा भाऊ तिच्यापेक्षा एक वर्षाने लहान.

आता दोन्हीकडची बेरीज करून पाहा, मैत्रिणींनो. शाळेत १७, व्हॅनमध्ये १९, एकूण ३६. मुली १६, मुलगे २०. वाडीत मुलांपेक्षा मुली कमी, आणि सरकारी शाळेत मुलांच्या जवळजवळ दुप्पट मुली! मुली कमी का, याचे उत्तर आपण वर्षानुवर्षे सोनोग्राफीच्या दारात उभे राहून मागितले आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ झाल्या, २०११ मध्ये ८९४. छत्तीस लेकरांच्या वाडीवरून राज्याचा हिशोब मांडू नये, मी मांडत नाही. पण जन्माला येताना जी चाळणी लागते तीच पुढे शाळेच्या दारातही लावून ठेवलेली असते, हे पाहायला छत्तीस लेकरे पुरेशी आहेत. पहिल्या चाळणीवर आपण मोर्चे काढले, कायदा आणला. दुसरीला आपण ‘पालकांची निवड’ म्हणतो.

आणि ही एका वाडीची कहाणी नाही. ‘असर’च्या २०१४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातले आकडे आहेत. सात ते दहा वयाच्या मुलग्यांपैकी ३५.६ टक्के खाजगी शाळेत होते, मुलींपैकी २७.७ टक्के. म्हणजे शंभर मुलग्यांमागे आणि शंभर मुलींमागे आठांचा फरक. या आठ मुलींच्या घरांत शाळेची किंमत ठाऊक नाही असे कोणी म्हणू नये. चांगली ठाऊक आहे. म्हणूनच तर ती कुणासाठी मोजायची हे ठरवले जाते.

त्या पाणी भरणाऱ्या मुलीच्या आईकडे मी गेले होते. भांडायच्या तयारीने गेले, खोटे कशाला सांगू. ती शेणी थापत होती. तिने हात न थांबवता मला विचारले, “दोघांची फी कुठनं आणू, ताई? एकाचीच भरायची तर कुणाची भरू, तुम्हीच सांगा. उद्या हातपाय थकलं तर पोरीच्या दारात जाऊन बसू का मी? तिचा नवरा बसू दील?”

मला उत्तर देता आले नाही. आजही नीट देता येत नाही. कारण ती बाई जे बोलली तो अडाणीपणा नव्हता, हिशोब होता. जमीन मुलाच्या नावावर होणार, घर मुलाचे होणार, म्हातारपण मुलाच्या ओसरीवर जाणार. मग पैसा मुलावर लावायचा! महाराष्ट्रात १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध वाटा मिळाला, २००५ मध्ये तो देशभर झाला. पण गावोगाव तलाठ्याच्या कचेरीत बहिणी हक्कसोडपत्रावर अंगठे उठवतच आहेत. फरक एवढाच, की जमिनीचे हक्कसोडपत्र करायला निदान मुलगी सज्ञान व्हावी लागते. शाळेचे हक्कसोडपत्र ती सात वर्षांची असताना तिच्या वतीने घरचेच करून टाकतात, आणि त्याची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही.

इथे कोणी म्हणेल, इंग्रजी शाळेत न जाणे म्हणजे काय मोठे नुकसान? मातृभाषेतले शिक्षण चांगलेच असते. असते, नक्की असते. त्या व्हॅनमधल्या मुलांना काय इंग्रजी येते हे मीही ऐकले आहे. पण मातृभाषेचा हा सिद्धांत घरातल्या फक्त मुलीलाच का लागू होतो, हे त्या विद्वानांनी एकदा सांगावे. चांगली शाळा कोणती हा वेगळा वाद. घर ज्याला चांगली शाळा समजते तिथे मुलगा जातो आणि ज्याला दुय्यम समजते तिथे मुलगी राहते. मुलीलाही ते कळते. टाय आणि बूट तिला रोज सकाळी दिसतात.

आता निकालाकडे येते. कारण पट आणि निकाल असे दोन दोर एकत्र वळून या शाळेच्या गळ्यात टाकले जाताहेत.

मी होते त्याच आठवड्यात तिसरीच्या मुलींना वाचायला लावून तक्ता भरायचा होता. तिसरीत चार मुली. दोघींनी धडा घडाघडा वाचला. त्यांतली एक पाणी भरणारी होती, आणि तिने तर मधेच थांबून धड्यातल्या बाईंनी कोंबडी विकायला नको होती असे स्वतःचे मतही सांगितले. तिसरी अडखळली, जोडाक्षरावर थांबली, गप्प झाली. चौथी आलीच नव्हती. तक्त्यात काय गेले? पन्नास टक्के. वर तालुक्याला आणि पुढे जिल्ह्याला गेला तो आकडा पन्नास टक्क्यांचा. चारांतली एक मुलगी तापाने घरी राहिली की शाळेची गुणवत्ता पंचवीस टक्क्यांनी घसरते, आणि ताप उतरला की पंचवीस टक्क्यांनी वाढते! हे गणित चौथीच्या मुलीला समजते. तक्ते मागवणाऱ्यांना समजत नसेल असे मी मानत नाही.

जी अडखळली ती मेंढपाळाची. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून घरचे सगळे मेंढरांमागे घाटाखाली उतरतात ते पावसाच्या तोंडावर परत येतात. पटावर तिचे नाव बारा महिने आहे, शाळेत ती जेमतेम पाच. कळपातले एखादे कोकरू कमी असले की तिला न मोजता कळते, आजारी मेंढीला कोणता पाला द्यायचा ते कळते, आणि बिऱ्हाड हलले की लहान भावंडाला पाठीशी बांधून चालायचे तिनेच. यासाठी कोणत्या तक्त्यात चौकट आहे? ती चौकट असावी असा माझा हट्ट नाही. तिला जोडाक्षरे आलीच पाहिजेत. पण ती येत नाहीत म्हणून शाळा ‘अप्रगत’ ठरवणे म्हणजे दवाखान्यात आजारी माणसे फार येतात म्हणून दवाखान्याला टाळे ठोकण्यासारखे आहे.

जी आली नव्हती तिच्या घरी अंगणवाडीत न मावणारे तान्हे बाळ आहे. आई रोजगारावर गेली की बाळ तिच्याकडे. कधीकधी ती बाळासकट वर्गात येते. बाई येऊ देतात. नियमात बसत नाही, पण बाईंनी नियमाकडे पाहिले तर ही मुलगीही पटावरून जाईल.

आता त्या पिवळ्या व्हॅनच्या शाळेचा निकाल पाहा. ती शाळा मेंढरांमागे जाणाऱ्या मुलीला घेत नाही. कडेवर बाळ असलेल्या मुलीला घेत नाही. चौथीतला तो एकुलता एक मुलगा आठवतो ना? त्याला कमी ऐकू येते. त्याचा बाप फीचे पैसे घेऊन त्या शाळेत गेला होता, त्याला ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून परत पाठवले. मुलगा म्हणून त्याचा नंबर व्हॅनमध्ये लागला होता, पण कान कमी पडले आणि तो मुलींच्या रांगेत आला. वेचून घ्यायचे, फी परवडते अशा घरचे, ज्याला संध्याकाळी शिकवणी लावता येते असे घ्यायचे, आणि मग शंभर टक्के निकालाचा फलक चौकात लावायचा. दुसरीपर्यंत ज्या बाईंनी त्याला अक्षर शिकवले त्यांचे नाव त्या फलकावर नसते. घरची स्थिती, आईबापांचे शिक्षण, शिकवणी हे सगळे बाजूला काढले की खाजगी आणि सरकारी शाळांतला वाचनाचा फरक बराचसा आटतो, हेही ‘असर’नेच दाखवून दिलेले आहे. आणि वाचता न येण्याचा रोग काही लहान शाळेपुरता नाही. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या मुलांपैकी २७.१ टक्क्यांनाच दुसरीचा धडा वाचता आला. २०२२ मध्ये, करोनातल्या टाळेबंदीनंतर, तो आकडा २०.५ पर्यंत खाली गेला होता. मोठ्या पटाच्या शाळा त्यात आल्या, खाजगीही आल्या.

आम्ही शाळेची बाजू घेतो म्हणजे शाळेत सगळे छान चालले आहे, असा अर्थ कोणी काढू नये. चार इयत्ता, दोन शिक्षक. त्यांतले एक गुरुजी महिन्यातले कितीतरी दिवस मतदार याद्या, ऑनलाइन माहिती आणि तालुक्याच्या मीटिंगा यांत असतात. मग बाई एकट्या चार वर्ग बसवतात. पहिलीला पाटी, दुसरीला पाढे, तिसरी-चौथीला ‘वाचत बसा’. ती ‘वाचत बसा’ म्हटलेली मुलगी दोन तास काय वाचते हे मी पाहिले आहे. ती खिडकीबाहेर पाहते. हे बदलले पाहिजे. शिवाय एक टोचणारी गोष्ट : या शाळांत शिकवणाऱ्या गुरुजी-बाईंची स्वतःची मुले कुठे शिकतात? आणि आपली, चळवळीतल्या बायकांची? माझी मुलगी कुठल्या शाळेत गेली हे मला ठाऊक आहे, म्हणून हे वाक्य लिहिताना माझी मान ताठ नाही.

पण शाळा सुधारणे वेगळे आणि शाळा उचलून नेणे वेगळे. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत हलवण्याचे ठरवले. २०२३ मध्ये नवा शब्द आला, ‘समूह शाळा’. वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा राज्यात आहेत, त्यांत १,८५,४६७ मुले आणि २९,७०७ शिक्षक आहेत असे तेव्हा सांगण्यात आले, आणि या शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव अधिकाऱ्यांकडून मागवले गेले. नमुना म्हणून तोरणमाळ आणि पानशेतची नावे दिली गेली. युक्तिवाद ऐकायला गोड आहेत. बारा-पंधरा मुलांत खेळाचा संघ होत नाही. चित्रकलेला शिक्षक नाही, संगणक नाही. मुलाला बरोबरीची मुले हवीत. खरे आहे! आमच्या वाडीवरच्या तिसरीत चार जणी लंगडी खेळून खेळून कंटाळतात, हे मीच पाहिले आहे.

पण त्या पत्रकांत किती शाळा, किती मुले, किती शिक्षक हे आकडे येतात, आणि त्या पावणेदोन लाखांहून अधिक मुलांत मुली किती, हे एका ओळीत यायला हवे होते ना? ही माहिती नाही असे नाही. प्रत्येक शाळेला युडायसचा अकरा आकडी क्रमांक आहे. प्रत्येक बाई दरवर्षी डोळे फोडून मुलगे-मुली, जातवार, इयत्तावार सगळे त्यात भरतात. ज्या फळ्यापासून मी सुरुवात केली तो फळा संगणकात जसाच्या तसा आहे. भरताना प्रत्येक मुलगी मोजायची, आणि शाळा बंद करायची वेळ आली की फक्त ‘एकूण’ वाचायचे, हा कुठला न्याय?

वाडीवरून समूह शाळा समजा पाच किलोमीटरवर झाली. गाडी देऊ म्हणतात. व्हॅनला पैसे मोजणारी घरे आधीच गेली आहेत. आता प्रश्न उरलेल्यांचा. ज्या मुलीला साडेदहापर्यंत पाणी भरायचे असते ती साडेआठच्या गाडीला येईल? तान्हे बाळ गाडीत घेतील? गाडी बिघडली, डिझेलचे बिल थकले, ड्रायव्हरची नजर बरी नाही अशी कुजबुज झाली, की मुलगा चालत किंवा कुणाच्या मोटरसायकलवर जाईल. मुलीला सांगतील, “ऱ्हाऊ दे आता. झालं तेवढं पुरं झालं.” हे सांगायला कुणी ज्योतिषी लागत नाही. ओढ्याला पाणी आले की आजही पलीकडच्या वस्तीवरच्या मुलींची हजेरी आधी पडते. बाईंचे हजेरीपट बोलतात. म्हणूनच शिक्षणहक्क कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी असे लिहिले गेले. आणि चौथीतून घरी बसलेली मुलगी पुढे कुठे जाते हेही आपल्याला ठाऊक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. पाचांत एकीहून जास्त.

खर्चाचे रडगाणे तर मला ऐकवत नाही. “दोन शिक्षकांचा पगार भागिले सतरा मुलं, करा बाई हिशोब,” असे एका साहेबांनी मला हसत हसत सांगितले. चला, हिशोबच करू. दुर्बल घटकांतल्या मुलींनी शाळेत टिकावे म्हणून महाराष्ट्र सरकारने १९९२ मध्ये पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता सुरू केला, हजेरीच्या दिवसाला एक रुपया. २०२२ मध्ये, तीस वर्षे उलटल्यावर, तो एक रुपयाच होता. त्या रुपयात आज पेन्सिलही येत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला होता महिन्याला एक रुपया, आणि त्या काळी तो रुपया झोंबत असे. १९१७ चा रुपया बापाला झोंबला, १९९२ चा रुपया कुणाला ना झोंबला ना पुरला. ज्या राज्याने मुलीच्या एका दिवसाची किंमत तीस वर्षे एक रुपया ठेवली, त्याने तिच्या वाट्याचा शिक्षक महाग पडतो म्हणून तक्रार करावी?

१८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडले होते. रयतेच्या घामाचा पैसा सरकार वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळते आणि खेड्यातली प्राथमिक शाळा कोरडी ठेवते, ती सक्तीची करा, तिथे बरे शिक्षक द्या. या शाळेतही जोतिबा-सावित्रीबाईंची तसबीर आहे. दर ३ जानेवारीला तिला हार पडतो, मुली नऊवारी नेसून भाषण म्हणतात, गावचे प्रतिष्ठित खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतात. त्या खुर्च्यांवरच्यांचे नातू व्हॅनमधून इंग्रजी शाळेत गेलेले असतात.

खिचडी शिजवणाऱ्या ताईंबद्दल लिहायचे राहिलेच. परित्यक्ता आहे ती. २०२३ पर्यंत महिना दीड हजार, मग अडीच हजार मानधन, तेही वेळेवर नाही. शाळा हलली की तिचे तेवढेही गेले. तिची मुलगी दुसरीत आहे. हा आकडा कुठल्या प्रस्तावात धरला आहे?

हे सगळे मी आमच्या बैठकीत मांडले तेव्हा एक जुनी मैत्रीण म्हणाली, “पण हा शिक्षक संघटनांचा प्रश्न आहे गं, तो त्या लढतील. आपण अत्याचाराच्या केसेस सोडून कुठे या पटसंख्येत शिरायचं?” मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. शिक्षक संघटना शिक्षकांच्या नोकऱ्यांसाठी लढतील, लढोत. पण तिसरीत मुलगा एकही नाही हे त्यांच्या निवेदनात येणार नाही. ते आपणच आणायचे आहे. हुंडा दिसतो, मारहाण दिसते, जळालेली दिसते. सकाळी सात वाजता फाट्यावर भावाची पिशवी देऊन मागे फिरणारी मुलगी दिसत नाही, कारण ती रडत नसते.

काय करता येईल? या शाळेपुरते आम्ही एक केले. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आहे, तीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या बायका हव्यात. इथेही कागदावर बायका होत्या. सह्यांपुरत्या. ठराव नवरे लिहीत. आम्ही त्या बायकांची वेगळी बैठक घेतली, दुपारी, भांगलणीहून आल्यावर. फळा वाचून दाखवला. तिसरीपुढचा मुलग्यांचा शून्य दाखवला. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग ती शेणी थापणारी आई म्हणाली, “शून्याला काय फुगवून दावता? आमास्नी काय ठावं न्हाई व्हय?” आणि नंतर, उठता उठता : “पर साळा हलवू द्यायची न्हाई. हितली साळा गेली की पोरगी गेली.”

त्या बैठकीत ठराव झाला. शाळा हलवण्याचा कोणताही प्रस्ताव समितीतल्या बायकांच्या वेगळ्या बैठकीशिवाय मंजूर करायचा नाही. कुठलीही माहिती वर पाठवताना ‘एकूण’बरोबर मुलींचा आकडा लिहूनच पाठवायची. दर वर्षी किती दाखले गेले, त्यांत मुलगे किती, याची वेगळी वही ठेवायची. बाईंनी ठराव लिहिला, चार जणींनी अंगठे उठवले, तिघींनी सह्या केल्या. एकीने सही करायला वेळ लावला. तिची चौथीतली मुलगी शेजारी बसून तिला अक्षर सांगत होती. हा ठराव तालुक्याला गेला आहे. उत्तर आलेले नाही.

जूनच्या मध्याला शाळा उघडतात. तुमच्या गावच्या, माहेरच्या, कामाच्या भागातल्या जिल्हा परिषद शाळेत त्या आठवड्यात जा. फळा उतरवून घ्या, इयत्तावार, मुलगे आणि मुली वेगळ्या. मग दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर उभ्या राहा आणि व्हॅनमध्ये चढणारी मुले मोजा. शाळेचे नाव नको, तालुका लिहा. आकडे आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात एकत्र छापू. आमच्या वाडीचे देऊन ठेवते : शाळेत मुली ११, मुलगे ६, व्हॅनमध्ये मुली ५, मुलगे १४. आणि दुसरीतल्या तीन मुलग्यांपैकी दोघांच्या दाखल्याचे अर्ज बाईंच्या टेबलावर आलेले आहेत.